मिक्सरच्या कपलरची वेबसाइट

वसईजवळच्या वालीवमधल्या ज्या कारखान्यात मी अकरा वर्षं ऑफिस सांभाळलं, तिथे मिक्सरचे कपलर बनायचे. कपलर म्हणजे भांड्याच्या बुडाशी असतो तो खाचांचा छोटा काळा गोल. तो झिजला की मोटर फिरते आणि भांड्यातलं पातं जागचं हलत नाही. आमचा माल घाऊक जायचा, पण पाकिटावर फोन नंबर छापलेला असल्यामुळे घरगुती माणसांचेही फोन यायचे. "आमच्या मिक्सरला कुठला बसेल?" अशांना दुकानात जायला सांगायचं, हा शेठचा हुकूम. मी तसं सांगायचे, पण फोन ठेवल्यावर चुटपुट लागायची. मग मी एका वहीत लिहून ठेवायला लागले: अमुक मिक्सर, इतक्या खाचा, भोक एवढ्या मिलिमीटरचं. मापं काढून द्यायचे लेथवरचे, म्हणजे भाग कातायच्या यंत्रावरचे, काका. ते जवळच्या चांदीप गावचे, साठीचे, कमी बोलणारे. बोटांत कपलर फिरवून ते माप सांगायचे आणि नंतर मोजून बघितलं तर तेच निघायचं.

शेठनी कारखाना गुजरातेत वापीला नेला तेव्हा आम्ही दोघंही गेलो नाही. काकांनी जुनी लेथ स्वस्तात घेऊन चांदीपला घरामागच्या पडवीत बसवली. मी भुईगावला घरी आले, वही घेऊन.

वेबसाइट काढायची कल्पना नवऱ्याची. तो अंधेरीच्या एका ऑफिसात आहे. तिथला जुना लॅपटॉप त्याने विकत आणला आणि म्हणाला, "वहीत आहे ते यात टाक. बघू कोणी वाचतं का." मी बी.कॉम. झालेली, बिलं करण्यापलीकडे कॉम्प्युटर माहीत नव्हता. व्हिडिओ बघत बघत शिकले. एका मिक्सरला एक पान, सोप्या हिंदीत आणि इंग्रजीत. स्कूटरवरून चांदीपला जायचं, काकांनी तळहातावर भाग धरायचा, मी फोटो काढायचा. पानावर जाहिराती लागल्या की थोडे पैसे मिळतात, आणि पानावरून कोणी ऑनलाइन दुकानात जाऊन तो भाग घेतला की थोडं कमिशन मिळतं, एवढं मला कळलं होतं.

चार महिने कोणी फिरकलं नाही. मग एका सकाळी बोंबील साफ करता करता लॅपटॉपकडे नजर गेली, तर वाचकांच्या जागी एकाचा आकडा. गाव दिमापूर. मी हात धुऊन नकाशात शोधलं. देशाच्या त्या टोकाला कोणीतरी सहा मिनिटं माझं पान वाचत होतं. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

"कोण आहे तो?"

"माहीत नाही, मम्मी."

"मग त्याला आपलं घर कसं सापडलं?"

मी समजावून सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले. जे मी सांगत होते ते मलाच खरं वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षभरात माणसं वाढत गेली. पहिल्या कमाईत लॅपटॉपची बॅटरी आली, पुढे दर महिन्याला घरखर्चाला हातभार लागू लागला. पण ज्या गोष्टीने मी खरोखर थक्क झाले, ती कमाईची नव्हती.

मध्य प्रदेशातल्या सागरहून एका वृद्ध गृहस्थांची मेल आली. त्यांच्याकडे चाळीस वर्षांचा मिक्सर होता, कंपनी कधीच बंद पडलेली. मुलाने नवा आणून दिला होता, तो खोक्यातच होता. "माझी पत्नी रोज सकाळी आठला हा मिक्सर लावायची," त्यांनी लिहिलं होतं. "ती गेली आणि नंतर पंधरा दिवसांनी हा बंद पडला. मला नवा नको आहे." सोबत तुटक्या कपलरचा फोटो होता, बाजूला मोजपट्टी ठेवलेली.

तसा कपलर बाजारात कुठेच नव्हता. मी फोटो घेऊन चांदीपला गेले. काकांनी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, मग नायलॉनचा एक तुकडा लेथला लावला. तासाभरात कपलर झाला. पैसे विचारले तर म्हणाले, "बाय, त्याचे कसले पैसे?" मी तो कुरिअर केला.

आठवड्याने मेल आली. त्यात शब्द नव्हतेच, आवाजाची एक फाइल होती. मी ती काकांकडे नेली. त्यांनी फोन कानाशी धरला. घरघर, घरघर, मग बंद. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं.

"मिक्सर चालू झाला. पन बुश खाल्लाय. त्या मानसाला सांग, मशीनचं तेल दोन थेंब सोडायचं, नायतर पावसात अडकंल."

बुश म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, ती झिजली होती. मी तसं कळवलं. उत्तर आलं, 'मेकॅनिकला दाखवलं, तोही बुशच म्हणाला. तुम्हाला तिथे बसून कसं कळलं?' हजार किलोमीटरवरचं यंत्र ज्या माणसाने नुसतं ऐकून ओळखलं, त्याच्या शेजारी मी अकरा वर्षं डबा खाल्ला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पुढे पुढे मला काम झेपेना. बाजारात सारखे नवे मिक्सर येत होते, माझ्याकडे कारखाना नव्हता, ते भाग हातात येत नव्हते. दोनदा माझी मापं चुकली आणि लोकांनी चुकीचे भाग मागवले. ते मला लागून राहिलं. त्याच सुमारास कोइमतूरच्या एका बाईंचा निरोप आला: साइट विकणार का? त्यांचं मिक्सरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. नवऱ्याला वाटलं फसवाफसवी आहे. पण अशा छोट्या साइट खरोखर विकल्या जातात, पैसे मधल्या एका कंपनीकडे राहतात आणि साइट हातात आल्यावरच सुटतात, हे आम्ही नीट समजून घेतलं. बाईंनी सगळी पानं वाचली होती. तीन वर्षांच्या कमाईएवढी रक्कम देऊ केली आणि व्हिडिओ कॉलवर विचारलं, "सगळ्या फोटोंत हात कोणाचा आहे? तो काढू नका. लोक त्या हातावर विश्वास ठेवतात."

मी काकांची परवानगी घ्यायला गेले.

"काका, तुमचा हात विकायचाय."

"तोडून नाय ना न्यायचा?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कोनी कोनी बघितला असंल गं?"

मी फोनवर नकाशा उघडला. जिथून लोक आले होते तिथे ठिपके होते, मस्कतपासून मणिपूरपर्यंत. काकांनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

"यातलं एक पन गाव मी बघितलेलं नाय," ते म्हणाले.

आलेल्या पैशातला तिसरा हिस्सा मी त्यांच्यापुढे ठेवला. ते घेईनात. काकी आतून आल्या, पाकीट उचललं आणि म्हणाल्या, "हात यांचा, पन त्याला जेवायला मी घालते." काका हसले. विषय संपला.

साइट सोपवायला एक सकाळ पुरली. दुपारी सवयीने पासवर्ड टाकला तर आत घेईना. मग इतर कोणी उघडेल तशी उघडली. माझीच वाक्यं वाचताना वाटलं, ही बाई बरं समजावून सांगते.

पुढच्या नाताळच्या सुट्टीत कोइमतूरच्या त्या बाई मुंबईला आल्या आणि वसईला येऊ का म्हणून विचारलं. सोबत त्यांचे वडील होते, आयुष्यभर मिक्सर दुरुस्त केलेले. त्यांना लेथवरच्या माणसाला भेटायचं होतं. मी त्यांना रिक्षाने चांदीपला नेलं. काकांना तमीळ येत नव्हती आणि त्या आजोबांना मराठीही नाही, हिंदीही नाही. आम्ही दोघी मध्ये बसून भाषांतर करणार होतो.

आजोबांनी पिशवीतून एक जुनी मोटर काढून काकांपुढे ठेवली. काकांनी तिचा दांडा बोटाने फिरवला, कान जवळ नेला आणि एका जागी अंगठा टेकवला. आजोबांनी जोरजोरात मान हलवली. काकांनी पेटीतून पान्हा काढून त्यांच्या हातात दिला. मग दोघांनी मिळून ती मोटर उघडायला घेतली, एकाने धरायचं, दुसऱ्याने सोडवायचं. सुटलेला स्क्रू हात पुढे होण्याआधीच समोरच्याकडे जात होता.

"आता काय बोलतायत ते?" काकींनी आतून विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले. त्या बाई आणि मी पडवीच्या पायरीवर तशाच बसून राहिलो. आम्हाला कोणी काही विचारलं नाही, आणि आम्हीही उठलो नाही.