दिशाने खाली ठेवलेली कावड

गहिनीनाथ आप्पा काशीला जातो म्हणून निघाले की नेपाळहून परत यायचे. मिरीकडच्या त्यांच्या गावात याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. कांदा काढून बाजारात टाकला, की कपड्यांची पिशवी जुन्या एम-एटी गाडीला अडकवायची आणि देव भेटेल त्या वाटेला लागायचं. गिरनारही त्याच गाडीवर झाला. नर्मदेकाठी एकदा वाट चुकले, तेव्हा म्हशीची शेपटी धरून ओढा ओलांडला आणि गावात सांगताना त्या ओढ्याला महापूर आणला. "देव घरात बसलाय, अन् हे त्येला हुडकत फिरत्यात," असं बायको लंकाबाई म्हणायच्या, पण दशम्याही त्याच बांधून द्यायच्या. आप्पा कुणासाठी थांबत नसत. जत्रेला नेलं तरी लेकीला, दिशाला, दिसायची ती त्यांची पाठ.

एक नेम मात्र त्यांनी एकतीस वर्षं मोडला नाही. पाडव्याला गावच्या नाथांना प्रवरासंगमाहून गोदावरीचं पाणी आणायचं, कावडीने आणि अनवाणी. वाटेत कलश जमिनीला टेकवायचे नाहीत. टेकले तर कावड मोडली. विसावा हवा तर ती झाडाच्या फांदीला अडकवायची.

बत्तिसाव्या वर्षी स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. नगरच्या डॉक्टरांनी "घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला" म्हणून सांगितलं. दिशा नगरलाच सावेडीतल्या लॅबमध्ये कामाला, तिला रिपोर्टचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. आप्पांना आता घासही जात नव्हता. काय हवं विचारलं तर म्हणाले, "कावड."

दिशाने आदळआपट केली, रडली, अबोला धरला. आप्पांनी तोवर कलश चिंचेने घासून ठेवले होते. शेवटी रजा टाकून, गोळ्यांची पिशवी घेऊन ती आपल्या नव्या स्कूटरवरून कावडवाल्यांच्या मागे निघाली.

वडाळ्याच्या अलीकडे आप्पांचा झोक गेला. दिशाने गाडी तशीच टाकली आणि धावली. एका हातात कावड, एका हातात बाप, आणि दोन्ही कलंडायला लागलेले. तिने कलश डांबरावर ठेवले आणि दोन्ही हातांनी बापाला धरलं.

"बाई, काय केलंस हे!" त्यांचा जुना सोबती पुंजाराम ओरडला. "शेवटची कावड हुती त्याची!"

शेवटची. इतके दिवस घरात कुणी न उच्चारलेला शब्द असा भर रस्त्यात पडला. बापाचं एवढं एकच मागणं होतं आणि तेही आपल्याच हाताने मोडलं, हे दिशाला कळलं.

आप्पा लिंबाखाली बसले, घोटभर पाणी प्यायले. मग कलशातलं पाणी त्याच लिंबाच्या मुळाशी ओतून म्हणाले, "पुंजाराम, तुमी व्हा फुडं. आमी मागं जाऊन भरून आनतो."

सोबतच्या टेम्पोने दोघांना आणि स्कूटरला संगमावर सोडलं. आप्पांनी स्वतः कलश भरले आणि कावड दिशाच्या खांद्यावर ठेवली.

"मी?"

"मग काय मी? तुझ्या पायातल्या चपला काढ, अन् गाडीची किल्ली दे इकडं."

पुढचे दोन दिवस त्या रस्त्याने जे पाहिलं ते कुणी पाहिलं नसेल. लेक अनवाणी कावड घेऊन चाललेली, आणि शेजारून बाप स्कूटरवर, सावली धरल्यासारखा. उसाचे ट्रॅक्टर भोंगे वाजवत होते, आप्पा त्यांना हात करत होते. "मान ताठ. कलश हिंदकळला तर नाथ अर्धेच भिजत्याल." न थांबता खांदा कसा बदलायचा ते शिकवलं. तळव्यांना फोड आले तेव्हा दिशाने त्यांना वाटेल ते ऐकवलं. आप्पा हसले आणि पहिल्यांदाच कबूल झाले, की त्या ओढ्याला गुडघाभरच पाणी होतं आणि म्हैस उगाच घाबरली होती. एवढ्या गप्पा बापलेकीने उभ्या जन्मात मारल्या नव्हत्या.

पोचले तेव्हा पाडवा होऊन गेला होता. पुजारी गुलाल झाडत होते. त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कावड कुनाची?"

"हिची," आप्पा म्हणाले. "म्या नुसता गाडीवर आलो."

पाणी घातल्यावर दिशाने हळूच विचारलं, "आप्पा, तुमची मोडलीच ना पण?"

"माझी मोडली," आप्पा म्हणाले. खोटं सांगून समजूत काढणं त्यांना जमतच नसे. "तुझी आली."

आप्पा ज्येष्ठात गेले, घरीच, लंकाबाईंच्या मांडीवर. तोवर भेटायला येईल त्याला त्यांनी गिरनार सांगितला नाही की नेपाळ सांगितला नाही, हाच एक प्रवास सांगितला. दर पाहुण्यागणिक वाटेतले ट्रॅक्टर वाढत गेले.

तेरावं उरकून दिशा सावेडीला निघाली. स्कूटर पाडव्यापासून गावीच उभी होती. घाटात नीट थांबेना, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने ती मेकॅनिककडे टाकली. त्याने मागचं चाक उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"ताई, ब्रेकचे लायनर पार झिजलेत. नव्या गाडीचे असे होत नाहीत. कुणी ब्रेक दाबून धरूनच चालवली का?"

कुणी नाही, असं ती म्हणणार होती. मग तिच्या ध्यानात आलं, की तिच्या पावलाने चालायला त्या माणसाने दोन दिवस, सबंध वाट, ब्रेक सोडला नव्हता. ती तिथल्याच स्टुलावर बसली आणि आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

मेकॅनिक बिचारा गडबडला. "अहो ताई," तो म्हणाला, "एवढं काय, अर्ध्या तासात बदलून देतो."