मोहरी लावायची, खायची नाही

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट यायला महिने लागतात, किस्से मात्र रोज येतात. रिझल्ट थिसिसमध्ये जातात. किश्श्यांना तिथे जागा नसते, म्हणून चहाला कुणी भेटलं की मी सांगत सुटते.

आम्ही तिघं. ताथवड्याच्या कॉलेजातल्या आमच्या गाईड सुमती मॅडम, माझ्याबरोबर पीएचडी करणारा रफीक आणि मी. मातीत दोन-तीन जड धातू एकत्र मिसळलेले असतील, तर झाड ते किती शोषतं आणि किती सोसतं, हा आमचा विषय.

*

सुरुवात कुंड्यांपासून झाली. एका कुंडीतल्या मोहरीला जस्त दिलं, दुसरीला निकेल, तिसरीला क्रोमियम. तिन्हींनी तग धरला. चौथीला तेच तिन्ही धातू, त्याच प्रमाणात दिले. ती पिवळी पडून मान टाकायला लागली. मला वाटलं, पाणी घालायचं राहिलं.

मॅडम म्हणाल्या, "पाणी नाही गं. झाड धातू आत घेतं आणि पेशीतल्या एका कोठडीत कोंडून ठेवतं. एक पाहुणा आला तर सोय होते. तिघं एकदम आले आणि तिघांनाही तीच खोली हवी असली, तर घरधनीच आजारी पडायचा."

रफीक म्हणाला, "आमच्याकडे ईदला असंच होतं, मॅडम. फक्त अम्मी पिवळी नाही पडत, लाल होते."

*

कुंड्यांनंतर खरी जमीन हवी होती. कुरुळी गावच्या भामाबाईंनी आपल्या शेतातला ओढ्याकडचा तुकडा प्रयोगाला दिला. वरच्या अंगाला पूर्वी लोखंडावर मुलामा चढवायचं वर्कशॉप होतं. ते बंद पडलं, पण त्याचं पाणी या मातीत मुरून बसलं होतं. तिथे आलेलं काही भामाबाई घरात नेत नव्हत्या.

मॅडमनी समजावलं, मोहरी मातीतले धातू वर ओढेल. मग ती उपटायची, वाळवायची, घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायची आणि पुन्हा पेरायची. एक पानही खायचं नाही.

"मोहरी लावायची अन् खायची न्हाई?"

"जमिनीचं पोट साफ करायचंय, मावशी," मी म्हटलं.

"मग एरंडेल म्हण की. मोहरी कशाला म्हणतीस?"

*

पेरणीच्या दिवशी भामाबाईंनी रफीकला सहज विचारलं, "तुझा बाप काय करतो रं?"

मी खाली बघितलं. रफीकच्या अब्बांचं तळवड्यात मुलामा चढवायचंच वर्कशॉप आहे. 'धंदा आहे' म्हणून सुटला असता. तो म्हणाला, "प्लेटिंग करतात, मावशी. वर होतं तसंच."

भामाबाईंनी हातातली कुदळ बांधाला टेकवली. "अन् पाणी कुठं सोडतो?"

"सोडत नाही. टँकरनं शुद्धीकरणाला जातं."

"तू बघितलंस?"

"टँकरबरोबर मीच जातो."

"मग कुदळ घे," भामाबाई म्हणाल्या.

*

पीक गुडघ्याला लागलं तशी आम्ही पाटी लावली: 'ही भाजी विषारी आहे. तोडू नये.' दुसऱ्या दिवशी कडेची ओळ खुडलेली. पलीकडच्या खोल्यांमध्ये लातूरकडचं एक कुटुंब राहतं, नवरा कंपनीत शिफ्टला जातो. त्यांच्या चुलीवर तीच भाजी चढलेली. भामाबाईंनी कढई तशीच खाली उतरवली.

"पाटी वाचली न्हाई व्हय?"

"वाचली की," ती बाई म्हणाली. "आमच्याकडंबी चांगल्या मालाला असंच लिवतेत."

मॅडमनी तिला शेतात नेऊन सगळं नीट सांगितलं. बाईचा चेहरा उतरला. दोन्ही पोरं जेवायला बसणारच होती. भामाबाईंनी घरून पिठलं-भाकरी पाठवली. तेव्हापासून तुकड्याची राखण ती बाईच करते. पाटीपेक्षा तिचा आवाज लांब जातो.

*

आणि हा परवाचा. रिझल्ट आले. पानांत धातू चांगले उतरले होते, पण मातीत अजून खूप शिल्लक होते. भामाबाईंचा मुलगा संतोष शेतातच उभा होता. त्या तुकड्यावर कोबा घालून गोडाऊनचं शेड टाकायला एक माणूस तयार होता, आणि तो त्यांच्या ओट्यावर येऊन बसला होता.

"माती कधी सुधरंल?" भामाबाईंनी विचारलं.

मॅडमनी गोल उत्तर दिलं नाही. "फार वर्षं लागतील, भामाबाई."

"मी हाय तवर?"

"नाही."

संतोष हळूच म्हणाला, "ऐकलंस ना, आये? देऊन टाकू. कशाला जीव घालवतीस?"

भामाबाई रफीककडे वळल्या. "तुझं वय काय रं?"

"सत्तावीस."

"अन् पोरी, तुझं?"

"पंचवीस."

"मग तुमी हाय तवर हुतंय की," भामाबाई म्हणाल्या, आणि संतोषला सांगितलं, "त्या शेडवाल्याला च्या पाज अन् वाटंला लावून दे."