दारातली तपासणी

समोरच्या सुरेशची दारू सुटली, म्हणून सोसायटीने परवा शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. पाहुण्यांनी त्याला कायमचा व्यसनमुक्त जाहीर केलं. त्यांना पुढच्या सत्काराला जायची घाई होती.

काल संध्याकाळी तो कामावरून आला. त्याच्या बायकोने, सुनंदाने, दार उघडलं आणि रोजच्यासारखा त्याच्या तोंडाचा वास घेतला.

“आता तरी पुरे की गं,” तो हसत म्हणाला.

“पाहुण्यांची खात्री लवकर पटते हो. मला वेळ लागेल.”

दिवसभरात ती त्याच्या इतकी जवळ येते, ती बहुधा एवढ्यापुरतीच. काहीही न हुंगता तिने असंच जवळ यावं, यासाठी अजून किती वर्षं जावी लागतील, कोण जाणे. ती बाजूला झाली, तरी तो चपला काढायला उगाच वेळ लावत होता.