इंदूमावशीचं हूं

कानाला दडे बसले म्हणून इंदूमावशीच्या दारात गेलेल्या माणसाला ती आधी आत घ्यायचीच नाही. उंबऱ्याबाहेर उभं करायची, तोंड मिटायला लावायची आणि म्हणायची, "हूं कर." माणूस हूं करायचा. मग मावशी कमरेवर हात ठेवून विचारायची, "खंयच्या कानात ऐकाक येता?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पाण्याचं पातेलं गॅसवर चढत नसे. चाळीचा सेक्रेटरी असो नाहीतर कुरिअरवाला, हूं सगळ्यांना करावं लागे. आमच्या काळाचौकीच्या चाळीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एखादा भलामोठा माणूस तोंड मिटून हूं हूं करताना दिसला, की आम्ही समजायचो, ह्याचे कान बसले.

इंदूमावशी म्हणजे इंदू परब, आमच्या दोन खोल्या सोडून राहायची. परळच्या एका म्युनिसिपल इस्पितळात कान-नाक-घशाच्या वॉर्डात तिने तीस वर्षं आयाबाईची नोकरी केली होती. शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन मालवणकडून मुंबईला आली त्याला पन्नास वर्षं झाली, पण बोली तिने गावची तशीच ठेवली होती. डॉक्टर राउंडला आले, की ही लादी पुसायच्या निमित्ताने त्यांच्या मागे मागे. ते शिकाऊ पोरांना जे सांगत ते सगळं हिच्या डोक्यात. "वॉर्डात फुकट शाळा असता रे," ती म्हणायची, "लोक लादी पुसतत आणि घराक जातत."

हे हूं तिला तिथेच एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून मिळालं. आता बसल्या जागी एका कानात बोट घालून हूं करून बघा. आवाज बोट घातलेल्या कानातच घुमेल. सर्दीने नाक आणि कान ह्यांच्या मधली नळी चोंदली की तसंच होतं, हूं बुजलेल्या कानात मोठं ऐकू येतं. ते साधे दडे, म्हणजे मावशीच्या हातातलं काम. पण हूं जर चांगल्या कानाकडे पळालं, तर बुजलेल्या कानाच्या आत, शिरेतच काहीतरी बिघडलं असण्याची भीती. तिथे वाफ नाही, शेक नाही, एक दिवस थांबणं नाही. "ता माझा काम न्हय," एवढंच ती म्हणायची आणि इस्पितळाची वाट दाखवायची. पोराला ताप असेल, कानातून पाणी येत असेल, तरीही तेच.

बहुतेकांचं हूं बुजलेल्या कानातच जायचं. मग मात्र मावशी प्रेमाने आत घ्यायची. पातेल्यात नुसतं पाणी. त्यात निलगिरी टाकू का म्हणून कोणी विचारलं तर ती म्हणायची, "सर्दी तुका झाली हा की पाण्याक?" टॉवेलखाली वाफ, मग मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मग नाक दोन बोटांनी दाबून पाण्याचा एकेक घोट गिळायचा. शेवटी जांभया. जांभई येत नाही म्हटलं, की ती स्वतः समोर पाट टाकून बसायची आणि अशा भल्यामोठ्या जांभया द्यायची, की बघणाऱ्याचा जबडा आपोआप उघडायचा. कानात टक्क झालं की दडे सुटले. नाक दाबून जोराने हवा फुंकणाऱ्याच्या हातावर ती चापट मारायची, "पडदो फाटात, मेल्या." लसणीचं तेल तर तिचं जन्माचं वैरी. माझ्या आईने एकदा वाटीत गरम करून आणलं, तर मावशीने तिच्या देखत मोरीत ओतलं आणि म्हणाली, "कान काय समई आसा, तेल घालूक?" आई पुढचे आठ दिवस तिच्याशी बोलली नाही.

खालच्या मजल्यावरची सायली नोकरीसाठी दुबईला निघाली तेव्हा मावशीने तिला चण्याची पुडी बांधून दिली. विमान वर चढताना नाही, खाली उतरायला लागलं की चावायचे, झोपून राहायचं नाही, असं तीन वेळा बजावलं. स्वतः मावशी विमान सोडाच, विमानतळाच्या दारापर्यंतसुद्धा गेलेली नव्हती. सायली मात्र अजून येता-जाता पर्समध्ये चणे ठेवते.

मी भोईवाड्याच्या कोर्टात स्टेनो आहे. साहेब बोलतात, मी लिहितो. साक्षीदार तोंडातल्या तोंडात पुटपुटला तरी मला ते ऐकू यायला हवं. म्हणजे माझं पोट माझ्या कानांवर. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी उठलो तर डावा कान बंद. आदल्या आठवड्यात सर्दी होऊन गेली होती, तेव्हा दडेच असणार, असं बायको म्हणाली, आई म्हणाली, मीही म्हणालो. मोरीत तोंड धुताना सवयीने हूं करून बघितलं. आवाज उजव्या कानात होता. चांगल्या कानात.

आता शहाण्या माणसाने काय करावं? पण कोर्टात एका मोठ्या निकालाचं डिक्टेशन तीन दिवस चाललं होतं, अर्धं माझ्या वहीत होतं आणि त्या दिवशी सुट्टी मागायची म्हणजे साहेबांचा चेहरा बघायला लागला असता. शिवाय खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. स्टेनोला ऐकू येत नाही हे कागदावर आलं तर पुढे काय, हा विचारच नको होता. चाळीत सगळ्यांनाच पाठ होतं, कुठलं उत्तर दिलं की वाफ मिळते आणि कुठलं दिलं की इस्पितळ. मावशीच्या दारात गेलो, हूं केलं, आणि तिने विचारायच्या आत सांगून टाकलं, "डाव्या कानात, मावशी. बंद आहे त्याच."

मावशीने मला परत हूं करायला लावलं. परत मी तेच सांगितलं.

"सत्या, तू खोटा बोलतस," ती म्हणाली. "ज्याका खरा ऐकाक येता, तो घटकाभर थांबता, आपल्याच कानाचो इचार करता. तू इचारूच्या आदीच सांगलंस."

मी चिडलो. पकडलेला माणूस चिडतोच. मला कामावर जायचंय, वाफ द्यायची तर द्या, असं काहीबाही बोललो, आणि शेवटी जे बोलू नये ते बोललो. म्हटलं, तुम्ही काय डॉक्टर आहात? आजही ते आठवलं की मान खाली जाते.

"नाय. म्हणानच सांगतंय, चल," मावशी म्हणाली, आणि घरातल्या साडीवर चपला घालून जिना उतरायला लागली.

टॅक्सीत बाहेर बघत तिने जे सांगितलं ते चाळीत कोणालाच ठाऊक नव्हतं. तिचे यजमान, आमचे परबकाका, डाव्या कानाने ठार बहिरे. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते, साच्याच्या खडखडाटाने कान गेला, असं काकाच सांगायचे. मिलमधल्या अर्ध्या माणसांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे साच्याने एकच कान कसा नेला, हे कोणी विचारलं नाही. खरं असं होतं, की चाळीस वर्षांपूर्वी त्यांचाही कान असाच सकाळी उठल्यावर बंद झाला. मावशी वॉर्डात नवी लागलेली, चार गोष्टी कानावर पडलेल्या, त्याची भारी ऐट. काका डॉक्टरकडे निघाले होते. हिनेच अडवलं, मी आहे ना, म्हणाली. आठ दिवस रोज वाफ दिली. नवव्या दिवशी डॉक्टरांनी बघितलं तेव्हा हातात काही राहिलं नव्हतं. हूं ती त्यानंतर शिकली.

"वाफेत दिवस गेले म्हणून कान गेला, हे काकांना माहीत आहे?" मी विचारलं.

"नाय. सांगूक धीर झालो नाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी घुमणारा लोखंडी चिमटा वाजवून कपाळाला टेकवून बघितला, मशीनवर तपासलं आणि त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. अजून आठवडाभर घरी वाफ घेत बसला असतात तर फार आशा नव्हती, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे सगळ्यांचंच परत येतं असंही नाही, म्हणाले. माझं आलं. पहिल्यांदा नुसती शिट्टी, मग भांड्यांचे आवाज, आणि तीन आठवड्यांनी साक्षीदाराचं पुटपुटणंसुद्धा. तो निकाल दुसऱ्या स्टेनोने पुरा केला आणि साहेबांचं काहीही अडलं नाही. मी पेढे घेऊन मावशीच्या पाया पडायला गेलो तर तिने उंबऱ्यातच अडवून विचारलं, "गोळ्यो पुऱ्या केलंस?"

गेल्या वर्षी तिचं हृदय थकलं. बायकांच्या वॉर्डात खाटेवर ती एवढीशी दिसायची. दुपारी चारला भेटायची वेळ, मी कोर्टातून तसाच जायचो. त्या दिवशी काका उशाशी बसले होते, मी खाटेच्या पलीकडे उभा. तिने काकांना खुणेने जवळ बोलावलं. ते वाकले आणि सवयीप्रमाणे उजवा कान पुढे केला. मावशीने हात उचलला, त्यांची हनुवटी धरून तोंड दुसरीकडे वळवलं, आणि त्यांच्या डाव्या कानाशी बोलली. चाळीस वर्षांत तो कान कुठला हे ती कधी विसरली नव्हती. चांगल्या कानात ते सांगणं तिला जमणारच नव्हतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणता ती?"

मला ऐकू आलं होतं. माझ्या ज्या कानाला ऐकू आलं, तो तिनेच वाचवलेला. मी मावशीकडे बघितलं, तिने डोळे मिटून घेतले होते, पण मानेने नको म्हटलं नाही. मी काकांच्या उजव्या बाजूला गेलो आणि कोर्टात वाचून दाखवतो तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं: "तुमचो कान साच्यान नाय गेलो. माझ्या वाफेपायी गेलो. मी तुमका डॉक्टराकडे जावक दिलंय नाय."

काका तिचा हात चोळत बोलले, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

"माका म्हायत आसा गे. डॉक्टरान तेव्हाच सांगल्यान. तू रडशीत म्हणान मी साच्याचा नाव घेतलंय."

मावशीने डोळे उघडले. रडेल असं वाटलं होतं, पण ती संतापली. चाळीस वर्षं मला हे सांगितलं नाही, जीव जाळला माझा, म्हणून त्या दम लागलेल्या अवस्थेत काकांना दोन-तीन वाक्यं सुनावली. मग माझ्याकडे वळली.

"सत्या, हे काय बोलले ता लिवन घी. उद्या नाय म्हणतले."

खिशात औषधाची चिठ्ठी होती. तिच्या पाठकोऱ्या बाजूवर मी दोघांचंही बोलणं लिहून घेतलं, हाताच्या सवयीने लघुलिपीत. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मावशी गेली.

ती चिठ्ठी काकांकडे आहे. त्या रेघोट्या त्यांना वाचता येत नाहीत. रविवारी मी गेलो की ते ती पुढे करतात, आणि मी त्यांच्या उजव्या कानाशी बसून वाचतो, आधी तिचं, मग त्यांचं.