खालच्या ओळी

अण्णा मला एसटी स्टँडवर सोडायला आले त्या दुपारी माय आली नव्हती. नाशिकची गाडी लागायला वेळ होता. अण्णांनी पाण्याची बाटली आणून दिली. मी दोन घोट प्यायले आणि ऊन फार होतं म्हणून बाटली त्यांच्यापुढे धरली. "राहू दे तुलाच, लांबचा रस्ता हाय," ते म्हणाले. त्यांचे ओठ सुकले होते. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर पांढऱ्या चुन्यावर काळी कवटी होती आणि तिच्याखाली हातभर उंचीची लाल अक्षरं, 'एड्स म्हणजे मृत्यू'. ती भिंत अण्णांनीच रंगवली होती. गाडी लागेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे पाठ करून उभे राहिलो.

सुनंदा, तुला तेव्हा सांगितलं गेलं की ताईला नाशिकला नोकरी लागली. नोकरी कसली डोंबलाची! एका संस्थेच्या वसतिगृहात एक खाट मिळाली होती. तुझे भाऊजी वेरूळला पर्यटकांची जीप चालवायचे, ते वर्षभर झिजून गेले. डॉक्टरांनी माझंही रक्त तपासलं आणि सासरच्यांनी मला आपल्या दारात आणून सोडलं. माय रडली, जवळ मात्र आली नाही. "धाकटीचं जमू दे, मग बघू," असं ती म्हणाली. तुझं जमलं, तुझी पोरं कॉलेजात गेली. ते 'मग' अजून आलेलं नाही. यात तुझा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू फोनवर रडत बसशील.

माझा राग भिंतीवर आहे. शहागंजात अण्णांचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं, तुला आठवतंच. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यांवरची फुलं, निवडणुकीतली चिन्हं, असलं सगळं ते करायचे. मग सरकारी जाहिरातींचं काम आलं. ऑफिसातून मजकुराचा कागद यायचा आणि अण्णा तो भिंतीवर उतरवायचे. माझं लग्न व्हायचं होतं, मी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि रंग घोटून द्यायचे. त्या कागदावर कवटीच्या खाली बारीक अक्षरांत आणखी ओळी होत्या. शिवल्यानं होत नाही, एकत्र जेवल्यानं होत नाही, कपडे एकत्र धुतल्यानं होत नाही. अण्णा वरून सुरुवात करायचे. कवटी झोकात यायची, लाल अक्षरं त्याहून झोकात, आणि तोवर भिंत संपायची. मी एकदा विचारलं, "अण्णा, खालच्या ओळी राहिल्या." ते शिडीवरून म्हणाले, "जागा कुठं हाय? मोठं मोठं दिसलं म्हंजे झालं. बारीक कोण वाचतंय?"

खरंच कोणी वाचलं नाही. अख्ख्या शहराला वरची अर्धी जाहिरात पाठ झाली आणि सगळ्यात जास्त पाठ झाली ती ज्यांनी रंगवली त्यांना.

सासरहून आले त्या आठवड्यात अण्णांनी माझ्या स्टीलच्या ताटाला मागच्या बाजूनं लाल रंगाचा ठिपका दिला. आपल्या सगळ्या भांड्यांवर त्यांचं नाव कोरलेलं होतं, या ताटाला मात्र नाव आणि वर ठिपका. रंग तोच, कवटीखालचा. घासून घासून ठिपका निघायचा, की अण्णा डबी उघडून परत द्यायचे. ते कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. ठिपका देताना माझ्याकडे बघायचे नाहीत, एवढंच.

नाशिकला मी आधी मरणाची वाट बघितली. भिंतीवर तसंच लिहिलं होतं ना. मग गोळ्या आल्या, फुकट मिळायला लागल्या, आणि मी जगले. जाहिरातीही बदलल्या. कवटी गेली, लाल फीत आली, टीव्हीवर गोड आवाजात समजावणारी माणसं आली. एकदा चार दिवसांसाठी घरी आले होते तेव्हा अण्णा हर्सूलच्या रस्त्यावर एक लांबलचक भिंत रंगवत होते. मी जुन्या सवयीनं डबा घेऊन गेले. भिंतीवर एक हसरं कुटुंब गोल बसून जेवत होतं आणि या वेळी मजकूर मोठ्या अक्षरांत होता, 'एकत्र जेवल्याने एड्स होत नाही'. मला इतका आनंद झाला की रस्त्याकडेच्या दगडावर बसून मी रडले. वाटलं, आता संपलं. अण्णा खाली उतरले, हात धुतले, डबा उघडला. दोन भाकरी त्यांनी झाकणात घेतल्या आणि माझी भाकर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून माझ्याकडे सरकवली.

मी म्हटलं, "अण्णा, वर काय लिहिलंय?"

त्यांनी मान वर करून नीट वाचलं. "ते लोकांसाठी हाय, पोरी," ते म्हणाले.

आता मी नाशिकच्या एका तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. समोर बसलेल्या बाईला, तिच्या सासूला, दिराला दिवसभर खालच्या ओळी सांगते. माझ्यासारख्या आम्ही चौघी-पाचजणी दुपारी एका परातीत भात कालवून खातो. कॉलेजची मुलं विचारतात, "मॅडम, हे अजून असतं?" कारण भिंतीवर आता काहीच नसतं. कधीतरी एखाद्या कोपऱ्यात फिकट फीत दिसते तेवढीच.

अण्णा गेले, माय एकटी उरली आणि तुझा फोन आला, "ताई, तिला आता चुलीपाशी उभं राहवत नाय. तू ये ना कायमची." म्हणून मी गेल्या महिन्यात बघायला आले. गाडीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं होतं, स्टँडच्या त्या भिंतीवर क्लासेसचा फ्लेक्स होता. मी वाटेत घोकत होते. मायला म्हणणार होते, मला साधं ताट वाढ. परक्या बायांना रोज सांगते, आईला सांगायला काय झालं?

तिनं मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. "तू बस, दमून आलीस," म्हणाली. थरथरत्या हातांनी भाकरी थापल्या, आंबट वरण केलं, माझ्या आवडीचं. मग फडताळाच्या वरच्या खणातून कापडात गुंडाळलेलं ताट काढलं. मी ते उलटं केलं. ठिपका ताजा होता, जरा वाकडा, ओघळलेला. "अण्णाची डबी सापडली व्हती," माय म्हणाली. "तुझं ताट इतकी वर्षं कुणालाच दिलं नाय बघ. जपून ठेवलंय." तिचा चेहरा अभिमानानं फुलला होता. मी ताट सुलटं केलं आणि त्यात पोटभर जेवले.

सकाळी ती उठायच्या आत मी चहा केला, आलं घालून, तिला लागतो तसा. कप तिच्या हातात दिला. तिनं तो खाली ठेवला. "गरम हाय, घेते मंग," म्हणाली आणि पदराशी चाळा करत बसली. मी भांडी लावली, अंगण झाडलं, परत आले. चहावर साय धरली होती.

तू विचारतेस, कायमची येतेस का. येईन गं. तिला बघायला दुसरं कोण आहे? परगावी गेलेल्या इतरांना घर म्हणजे काय वाटतं ते मला माहीत नाही. माझ्यासाठी जगात एकच घर असं आहे जिथं माझं ताट कापडात गुंडाळून ठेवलेलं असतं, आणि त्याच घरात मला माझ्या आईला रोज दोन वेळा जेवू घालायचं आहे. ती माझ्या हातचं खाईल का, तेवढं मला सांग.