जड अमोनियाची चाल

प्रयोगशाळेत तिला सगळे वजनकाटा म्हणत. आयनांची वजनं करण्यात तिची निम्मी हयात गेली होती, आणि बोलायचीही ती तोलूनमापून. अशा बाईच्या हाती घबाड लागलं, तर झोप उडायचीच ना!

घबाड असं. साध्या हायड्रोजनला एक सख्खा पण वजनदार भाऊ असतो. तिच्या प्रयोगात आयन येऊन अमोनियाच्या रेणूवर आदळत. त्या अमोनियात साध्याऐवजी हा जड भाऊ बसवला, की क्रिया रेंगाळायला हवी. पण तिच्या यंत्रात जड अमोनिया साध्याच्याच वेगाने पळत होता. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले तिचे सर म्हणाले, महिनाअखेर निवृत्त होताना निरोपाच्या व्याख्यानात हेच सांगू. तिच्या आईने तर अख्ख्या जिन्याला सांगून टाकलं, "आमची आता गाजणार."

तिला मात्र अन्न गोड लागेना. आकडा खोटा निघाला, तर आयुष्यभर नाव राखलेल्या माणसाची शेवटच्या दिवशी शोभा व्हायची, तीही तिच्यापायी. पण सरांना कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांच्यासमोर ती हसून वेळ मारून न्यायची.

एका दुपारी जड अमोनिया नळीतून चालूच ठेवून ती जेवायला गेली. आईचा फोन आला आणि मग काय, उशीरच. परत येऊन बघते तर क्रिया मंदावलेली. तिने कपाळाला हात लावला. स्टीलच्या नळीला आतून ओलावा चिकटलेला असतो. त्या साध्या पाण्याशी जड अमोनिया वाटेतच हायड्रोजनची अदलाबदल करत होता. आयनापर्यंत पोचत होता तो बराचसा साधाच अमोनिया. आज इतका वेळ वाहून नळीच्या भिंतींवरचं पाणीच जड झालं, तेव्हा कुठे खरा जड अमोनिया पोचला. आयन किती वेगाने घटतात तेवढंच तिने मोजलं होतं. तयार झालेल्या मालाचं वजन करायचं वजनकाट्याकडूनच राहून गेलं होतं.

मग तिने नळीतून जड पाण्याची, म्हणजे त्याच जड भावापासून बनलेल्या पाण्याची वाफ सोडली, पार भिंतींची हौस फिटेपर्यंत. पुन्हा मोजलं. जड अमोनिया मुकाट्याने रेंगाळला, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. तिला इतकं हायसं वाटलं, की स्टुलावर बसून ती एकटीच हसली. आता सरांना सांगायचं होतं.

सर खोक्यांत पुस्तकं भरत होते. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. "नवीन काहीच नाही, सर. माझीच चूक."

सर मटकन खुर्चीत बसले, चष्मा काढून डोळे पुसू लागले.

"सुटलो गं बाई," सर म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"इतक्या वर्षांत तुला पहिल्यांदाच एवढं हसताना बघत होतो. तोंडच उघडवेना."

"सर, ते तुमच्यासाठी हसत होते मी."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "आता व्याख्यानात काय सांगू?"

"नळीचंच सांगा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाची तरी झोप वाचेल."