बस्त्यात नसलेली लेकरं

मी थापा मारतो हे जवळा बाजार गावात कोणीही सांगेल, आणि सांगताना तोही पदरच्या दोन घालेल. माझ्या कापडाच्या दुकानात एकदा तांड्यावरच्या एका लग्नाचा बस्ता तीन दिवस चालला. वऱ्हाड दुकानातच जेवलं, दुकानातच घोरलं आणि निघताना नवरी दोन इंच उंच झाली होती म्हणून घागऱ्याचं माप पुन्हा घ्यावं लागलं. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे आणि दर खेपेला पोरगी अर्धा इंच वाढवली आहे. आता लिहितोय त्यात मात्र काही वाढवलेलं नाही. उलट यातलं एक मी तेव्हा गाळून सांगितलं होतं.

लग्नाच्या कापडाचं दुकान चालवणाऱ्याला पंचक्रोशीतली सगळी नाती पाठ होतात. बस्ता बांधायला लोक यादी घेऊन यायचे. थोरल्या आत्याला मानाचं पातळ, मधल्या मावशीला त्याहून जरा हलकं, कारण तिच्या लेकीच्या लग्नात तिनेही हलकंच दिलं होतं. धोतर कोणाला, निस्ता टॉवेल-टोपी कोणाला. मुसलमानांच्या घरचे निकाहाचे जोडे, तांड्यावरचं घागऱ्यांचं कापड, सगळं माझ्याकडेच. कोण कोणाचं कोण लागतं हे विचारल्याशिवाय मी कात्री हातात घेत नसे. वसमतपासून पार सेनगावापर्यंतच्या सोयरिकी माझ्या डोक्यात होत्या. एखाद्याला आपला पणजा माहीत नसायचा, तो मला ठाऊक असायचा. आणि मलाही ठाऊक नसला तर मी त्याला एक चांगला धिप्पाड, मिशीवाला पणजा देऊन टाकायचो. आजवर कोणी परत आणून दिला नाही.

आपला जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा निघाला होता, तेव्हाची गोष्ट. डॉक्टरबाई पहिल्यांदा दुकानात आल्या. सेनगावाकडच्या, एसटीच्या ड्रायव्हरची लेक. शहरात डॉक्टर झाल्या, मग रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या उतरणारे आजार शिकायला विलायतेला गेल्या आणि शिकून चक्क परत आल्या. इथे त्यांनी एकच काम धरलं. जन्मताना धडधाकट असलेलं लेकरू आठवडाभरात दूध सोडून जातं, ते काहून? गावोगावच्या दवाखान्यांतून, वाड्या-वस्त्यांतून त्या बाळंतिणींच्या खोल्यांत जाऊन बसायच्या. बाजारातल्या चहाच्या टपरीवर एकच विषय.

"विलायत पाहून आली आन लेकरांचे लंगोट हुंगत फिरून राहिली!"

"अन् सरकार तिला त्याचा पगार देऊन राहिलं."

यात सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच होतो.

कोण्या नर्सबाईंनी त्यांना सांगितलं असावं की सगळ्यांच्या सोयरिकी त्या कापडवाल्याच्या डोक्यात आहेत. त्यांनी माझ्या गादीवर चादरीएवढा कागद पसरला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. मेलेल्या माणसावर तिरकी रेघ. नवरा-बायको एकमेकांच्या नात्यातलेच असले तर दोघांच्या मध्ये एक नाही, दोन रेघा.

मी सुटलो. हट्टा गावची चार घराणी, पुसेगावची दोन, बाजारातलं रंगाऱ्याचं मुसलमान घर, दोन तांडे. त्या पेन्सिलीने काढत होत्या, मी सांगत होतो. एका ठिकाणी साखळी तुटली तिथे मी तीन भाऊ बसवले.

"काका, हे तिघं खरे का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दोघं खरे आहेत, बाई."

त्यांनी एक चौकोन खोडला. "बरं. आता यांच्या घरांत जन्मून लगेच गेलेली लेकरं किती, ते सांगा."

मी गप्प झालो. मला गप्प झालेलं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. लबाडी म्हणून गप्प नव्हतो, त्या घरांतली लेकरं मला खरंच माहीत नव्हती. बारसं होईस्तोवर आपल्याकडे लेकराला कोरं कापड लावत नाहीत. आईच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळायचं, जुन्याचेच लंगोट. बाराव्या दिवशी नवं झबलं, नवी कुंची, तेव्हा लोक माझ्या दुकानात यायचे. बाराच्या आत गेलेल्या लेकरासाठी कोणी माझ्याकडून वीतभर कापड घेतलं नव्हतं. ती माझ्या डोक्यात नव्हतीच.

मी हे सांगितलं तशी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे मला जी पाहिजेत ती सगळी तुमच्या यादीच्या बाहेर आहेत."

"मग माझा काय उपयोग?"

"उपयोग आहे. घरं तुम्ही सांगा, लेकरं मी विचारीन. तुमच्या घरापासूनच धरू."

माझी छाती फुगली. माझी लेक मी हट्ट्याला सख्ख्या बहिणीच्या पोराला दिली होती. मामाची पोरगी, घरातल्या घरात. ही सोयरीक मी चारचौघांत इतकी मिरवली होती की जावई मला पाहून रस्ता बदलायचा. "दोन रेघा ओढा, बाई. ठळक ओढा."

त्यांनी ओढल्या. "लेकरं?"

"अजून न्हाई. आत्ता कुठं दिवस गेलेत, चौथा लागला."

"ह्याच्या आधी काही? चार-पाच दिवस नीट पिऊन मग दूध सोडलं, अंग ताठ झालं, लंगोटाला काकवीसारखा वास... असलं काही?"

"आमच्यात असलं काही न्हाई," मी म्हणालो. आयुष्यभर इतकं बोललो, त्यात ही थाप सगळ्यात छोटी.

कारण वर्षभर आधी, दुकानाच्या मागच्याच खोलीत, माझ्या लेकीचं पहिलं पोरगं सातव्या दिवशी गेलं होतं. जन्मलं तेव्हा असं रडलं की गिऱ्हाईक दचकून पातळ टाकून उठलं. (हे थोडं वाढवलं, माफ करा.) चौथ्या दिवशी त्याने तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी धनुष्यासारखं ताठ झालं. दोरीवर वाळत घातलेल्या लंगोटांखालून मी गेलो, तर गुऱ्हाळात काकवी चढवल्यासारखा गोड वास. उभा जन्म कापड हुंगण्यात गेलेला माणूस मी. खळ किती, रंग कच्चा की पक्का, सगळं नाकाने सांगतो. तो वास मला आला, विचित्र वाटला आणि मी कोणाला बोललो नाही.

पोरगं गेल्यावर हट्ट्याहून माझी बहीण आली. ती लेकीची सासू, तसं पाहिलं तर आत्या. खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "हिचं दूध बाधलं लेकराला." त्यावरून हट्ट्याला कुजबूज सुरू झाली, पोराची दुसरी करा. माझी लेक सव्वा महिना छातीला घट्ट पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून पडलेली. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती कुजबूज कशीबशी थांबली होती. आता मी बाईंच्या कागदावर काळं करू देऊ? ते गावभर होईल, लेक माघारी येईल, आणि सोयरीक जमवणारा कोण? मी. म्हणून मी 'न्हाई' म्हणालो आणि बाईंना चहा पाजला.

सहा महिन्यांनी मागच्याच खोलीत पोरगी झाली. गोरीपान, भरगच्च जावळाची. मी तिच्यासाठी कुंचीचं लाल खणाचं कापड काढून ठेवलं, बाराव्याला शिवायचं म्हणून. पाचव्या दिवशी सकाळी लेकीने हाक मारली, "आबा, ही पिऊन न्हाई राहिली." मी खोलीत गेलोच नाही. आधी अंगणात, दोरीकडे गेलो. ओला लंगोट नाकाला लावला.

तो खिशात कोंबून जीप पकडली. बाई त्या दिवशी पुसेगावला होत्या. तिथवर जाताना अंगाला किती घाम आला ते सांगत नाही, तुम्ही म्हणाल वाढवून सांगतो. मी लंगोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदाच हुंगला.

"पहिल्या वेळी होता हा वास?"

"व्हय."

"म्हणजे पहिली वेळ होती." त्यांचा आवाज चढला नाही. "काका, मी विचारलं होतं तेव्हाच सांगितलं असतं, तर या लेकरांना लागतं ते दूध मी परदेशातून मागवून ठेवलं असतं. दोन-दोन महिने लागतात त्याला यायला."

"वाचली असती का?"

"ते मी आता कसं सांगू?"

आम्ही माघारी आलो. बाईंनी लेकराचं लघवीचं पाणी काचेच्या नळीत धरलं, त्यात बाटलीतलं औषध टाकलं. पाणी पिवळं, गढूळ झालं. आईच्या दुधातलंच काही या लेकरांच्या अंगाला पचवता येत नाही, ते साचून डोक्यात चढतं, असं त्यांनी आम्हाला समजावलं. "तुझ्या दुधात काही वाईट नाही," हे त्यांनी लेकीला तीनदा सांगितलं. आई-बाप दोघांकडून एकेक सारखी चूक मिळाली की असं होतं. दोघं एकाच घरातले असले की ती जुळायला सोपं जातं.

"दोन रेघा," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नांदेडच्या दवाखान्यात नळ्या लावल्या. बाईंनी स्वतः बसून साखरेच्या पाण्याचा हिशेब ठेवला, त्या दुधासाठी फोन करून करून कुठून कुठून चौकशा केल्या. पोरगी अकराव्या दिवशी गेली. लाल खण तसाच घडीत राहिला. परतीच्या गाडीत लेक एकदाच बोलली.

"आबा, पहिल्याच्या वेळी बी तुमाला वास आला व्हता का?"

"न्हाई गं," असं तोंडावर आलं होतं. तोंडाला सवयच ती. पण मी मान हलवली. होकारार्थी. ती खिडकीबाहेर पाहू लागली आणि घर येईस्तोवर तशीच पाहत राहिली.

महिनाभराने बाई पुन्हा तो कागद घेऊन आल्या. या खेपेला माझी बहीण स्वतःहून हट्ट्याहून आली आणि गादीवर चढून बसली.

"बाई, दादाला काय इचारून राहिल्या? त्याला निस्ती पातळं ठाऊक. माझी लिहा. तीन गेली माझी. दोन पोरं, एक पोरगी. सगळी अशीच. माझ्या सासूनं बी हेच म्हणलं व्हतं, दूध बाधलं म्हणून." मग तिने माझ्या लेकीकडे पाहिलं. पदर डोळ्याला लावला. बाईंनी दोन चौकोन, एक गोल काढला आणि तिन्हींवर तिरकी रेघ ओढली. सख्ख्या बहिणीची तीन लेकरं, आणि मला सात पिढ्यांचे पणजे पाठ.

त्यानंतर बाईंनी सगळा जिल्हा नव्याने विचारला, पण बायकांना. मी घरं सांगायचो आणि जीपमध्ये बसून राहायचो. पुढे त्यांचं ते काम मोठं झालं. छापून आलं, दिल्लीला सन्मान झाला, पेपरात शालीसकट फोटो आला. टपरीवर हसणारेच आता म्हणू लागले, आपल्या सेनगावाकडची बाई! मोठमोठ्या सभांमध्ये त्या एक आराखडा भिंतीवर दाखवतात म्हणे, नावं झाकून. त्यात एक चौकोन माझा आहे. मी नवरी दोन इंच वाढवणारा माणूस, पण हे कधी कोणा गिऱ्हाइकाला फुशारकीने सांगितलेलं नाही.

तिसऱ्या वेळी बाईंनी दुधाचे डबे आधीच मागवून ठेवले. पोरगा झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी टाचेला टोचून रक्ताचे ठिपके जाड कागदावर घेतले आणि हैद्राबादला पाठवले. रोज सकाळी नळीतली तपासणी वेगळी. आणि रोज सकाळी, मी दुकान उघडायच्या आधी, लेक ओला लंगोट घेऊन माझ्यासमोर यायची.

"हुंगा. आन खरं सांगा."

मी हुंगायचो. "मुताचा वास. दुसरं काही न्हाई."

ती माझ्या तोंडाकडे पाहायची. मग तो माझ्या हातून घेऊन स्वतः हुंगायची, आणि आत जायची.

हैद्राबादचा कागद आला, पोरगा निर्दोष. बाराव्याला त्या जुन्या लाल खणाची कुंची मी शिवून आणली. लेकीने ठेवून घेतली आणि दुसरीच कुंची घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाचं कुलूप काढत होतो तर ती मागे उभी. हातात ओला लंगोट.

"आता तर कागद आलाय," मी म्हणालो.

"कागदाचं मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमी हुंगा."

पोरगं चालायला लागेस्तोवर लेक माहेरीच राहिली आणि मी रोज हुंगत होतो.